काशीच्या गोरेशास्त्र्यांचा आक्षेप

नीळकंठशास्त्री गोऱ्यांनी ख्रिस्ती धर्माचं खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांनी नुकती कुठे विशी गाठली होती. ग्रंथाचं नाव 'शास्त्रतत्त्वविनिर्णय', काळ 1844-45, गाव काशी. त्यानंतर तीन-चार वर्षांतच, 14 मार्च 1848 रोजी, याच माणसाने जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि तो नेहेम्या गोरे झाला. पुढे तो पाद्री झाला, मुंबई-पुण्याच्या सुशिक्षितांशी वाद घालत फिरला आणि 1895 साली मुंबईत वारला. ही हकीकत दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने सांगितली जाते. मिशनच्या लोकांना तिच्यात विजय दिसतो, सनातन्यांना फितुरी. मला तिच्यात एक आक्षेप दिसतो. ख्रिस्ती लोक ज्याला न्यायी म्हणतात आणि दयाळूही म्हणतात, तो देव खरोखर दोन्ही असू शकतो का? हा प्रश्न शास्त्र्यांनी बाहेरून विचारला होता. मग ते आत आले, आणि प्रश्नही त्यांच्याबरोबर आत आला.

मी पुण्यात वाढले, घरचा धर्म ख्रिस्ती, आणि जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं. या तीन गोष्टी एका दमात सांगितल्या की समोरचा माणूस जरा अडखळतो. "म्हणजे तुम्ही मूळच्या..." असं म्हणतो आणि वाक्य तिथेच सोडून देतो. शिक्षकांच्या खोलीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला एकदा हसत हसत ऐकवलं होतं, "बाई, आमचा एक शास्त्री तुमच्यात आला म्हणून तुमच्याकडे संस्कृत आलं." कोण हा शास्त्री, म्हणून मी शोधायला लागले. टोमण्याचाही असा उपयोग होतो.

देवाचे गुण मात्र मी संस्कृतातून शिकले नाही, आजीकडून शिकले. संध्याकाळी चूल-भांड्यांतून मोकळी झाली की ती आम्हा मुलांना ओटीवर ओळीने बसवायची आणि डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत गुण म्हणवून घ्यायची. देव आत्मा आहे, अनादि आहे, अनंत आहे, बदलत नाही, सर्व जाणतो, सर्व करू शकतो, सगळीकडे आहे, पवित्र आहे, न्यायी आहे, दयाळू आहे, सत्य आहे. करंगळीच्या खालच्या पेरापासून सुरुवात व्हायची आणि तर्जनीवर गाडी थांबायची. न्यायी आणि दयाळू ही दोन पेरं लागोपाठची. "आजी, न्यायी म्हणजे शिक्षा देणारा आणि दयाळू म्हणजे सोडून देणारा ना? मग एकच देव दोन्ही कसा करतो?" असं मी विचारलं होतं. आजीने अंगठा होता तिथेच ठेवला आणि म्हणाली, "पुढचं म्हण."

आजीची यादी तिची स्वतःची नव्हती. ती फार लांबून आली होती. 1640 च्या दशकात, इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांची लढाई चालू असताना, लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये धर्मपंडितांची एक सभा वर्षानुवर्षं बसली होती. मुलांसाठी आणि अडाणी माणसांसाठी तिने एक छोटी प्रश्नोत्तरी तयार केली. देव म्हणजे काय, हा तिच्यातला अगदी सुरुवातीचा प्रश्न, आणि त्याच्या उत्तरात यातले बहुतेक गुण एका वाक्यात ओवले आहेत. स्कॉटलंडच्या पोरांना ही प्रश्नोत्तरी तोंडपाठ असायची. तीच पोरं मोठी होऊन मिशनरी म्हणून कोकणात, मुंबईत, पुण्यात आली. इंग्लंडच्या चर्चचा मजकूर याहून जुना, सोळाव्या शतकातला. त्यांच्या 39 कलमांपैकी पहिलं कलमच सांगतं की देवाला शरीर नाही, अवयव नाहीत, विकार नाहीत, आणि त्याचं सामर्थ्य, ज्ञान व चांगुलपणा यांना अंत नाही. गोरे पुढे याच चर्चचे पाद्री झाले.

आणि मी आजीला विचारलेला प्रश्नही माझा नव्हता. दुसऱ्या शतकात रोममध्ये मार्सियन नावाच्या माणसाने त्याचा एका घावात निकाल लावला होता: जुन्या करारातला न्याय करणारा देव वेगळा आणि येशूचा दयाळू पिता वेगळा. चर्चने त्याला 144 च्या सुमारास बाहेर काढलं. पण काढून टाकल्याने प्रश्न सुटत नाही. अकराव्या शतकात अँसेल्मसारख्या श्रद्धावान मठवासीयानेही देवाशी बोलता बोलताच विचारलं आहे की तू पूर्ण न्यायी असताना दुष्टांना क्षमा कशी करतोस. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने सांगितलं की हे गुण देवाला वरून लागलेले नाहीत. माणूस न्यायी 'असतो', कधी नसतोही. देवाचा न्याय आणि देवाची दया या दोन वस्तू नाहीत, त्या म्हणजे तो स्वतःच, म्हणून त्यांच्यात भांडण लागत नाही. उत्तर बुद्धीला पटतं. पण ज्याचं मूल आजारात गेलं आहे त्याला ते ऐकवायला जाऊ नये.

न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाला तर या उत्तराची मोठी गंमत वाटेल. 'तर्कसंग्रह' कॉलेजात आम्ही घोकला होता. त्यात गुण मोजून चोवीस: रूप, रस, गंध, स्पर्श, संख्या, परिमाण असे करत करत बुद्धी, सुख, दुःख, इच्छा, द्वेष, प्रयत्न, धर्म, अधर्म, संस्कार. गुण नेहमी कुठल्यातरी द्रव्यात राहतो. द्रव्य निराळं, गुण निराळा. यातले आठ गुण नैयायिक ईश्वराला देतात: संख्या, परिमाण, पृथक्त्व, संयोग, विभाग, बुद्धी, इच्छा आणि प्रयत्न. चोवीसांच्या या यादीत दया नाही आणि न्यायही नाही. परीक्षेला बसताना ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. शास्त्र्यांच्या नादी लागल्यावर आलं, आणि मग मिशनरी आणि शास्त्री समोरासमोर बसत तेव्हा काय होत असेल याची कल्पना येऊ लागली. मिशनरी म्हणणार, देव ज्ञानी आणि दयाळू. शास्त्री म्हणणार, ज्ञान हा गुण खरा. दया ही तुम्ही त्याच्या वागण्यावरून काढलेली गोष्ट, तेव्हा आधी वागणं दाखवा.

वागणं दाखवा, यावरूनच मराठी मुलखातला पहिला मोठा वाद पेटला होता. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत उतरला, भराभर मराठी शिकला आणि जाहीर वाद घालू लागला. 1831 मध्ये मोरभट दांडेकर त्याच्याशी वादाला बसले. वाद मिटला नाही तेव्हा दोघांनी छापखाना गाठला. मोरभटांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहिली, विल्सनने पुढच्याच वर्षी तिला उत्तर छापलं. विल्सनचा सारा भर पावित्र्यावर: पुराणातल्या देवांच्या कथा बघा, असं वागणारा देव असूच शकत नाही. मोरभटांचा बचाव असा की माणसाला लावायचं माप देवाला लावता येत नाही. मग साताऱ्याहून नारायणराव मैदानात उतरले आणि त्यांनी विल्सनचंच माप बायबलवर ठेवलं. विल्सनला 1834 मध्ये दुसरं उत्तर लिहावं लागलं. माझ्या मते या सगळ्या धुमाळीत मोरभटांचा मुद्दा सर्वांत कमी लेखला गेला. बायबलमधल्या ईयोबालाही शेवटी तोच मुद्दा ऐकावा लागतो, आणि तो ऐकवतो खुद्द देव. पण विल्सनला ते मान्य करणं परवडलं नसतं.

काशीतला वाद निराळ्या धाटणीचा होता, कारण तो संस्कृतात झाला. जॉन म्यूर हा कंपनी सरकारचा अंमलदार, पण त्याचं खरं वेड संस्कृतचं. 1839 मध्ये त्याने 'मतपरीक्षा' नावाचा ग्रंथ श्लोकांत रचून छापला, तोही गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. खरा धर्म ओळखायच्या त्याने तीन खुणा सांगितल्या: संस्थापकाचे चमत्कार, ग्रंथाची पवित्रता आणि सर्व माणसांना लागू पडण्याची योग्यता. शास्त्र्यांना शास्त्र्यांच्या भाषेत आणि शास्त्र्यांच्या रीतीने आव्हान मिळालं होतं. उत्तर न देणं म्हणजे हार मानणं. तीन उत्तरं आली. पहिलं त्याच वर्षी 'सोमनाथ' या नावाने. हे सोमनाथ म्हणजे माळव्यातल्या सिहोरचे मराठी ज्योतिषी सुबाजी बापू असावेत असं अभ्यासक मानतात. त्यांचा सूर समजुतीचा होता: ज्याला जो धर्म देवाने दिला तो त्याला बरा. दुसरं उत्तर बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचं, चांगलंच तिखट. तिसरं आमच्या गोऱ्यांचं.

गोरे घराणं कोकणस्थ, पण नीळकंठाचा जन्म 1825 चा, झाशीजवळच्या काशीपुरा गावातला. बुंदेलखंडातल्या संस्थानी चाकरीच्या निमित्ताने मराठी कुटुंबं तिकडे गेली होती, त्यांतलंच हे एक. पुढे घर काशीला आलं. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात तेव्हा मराठी वैदिकांची आणि शास्त्र्यांची दाट वस्ती होती. तिथल्या गल्लीबोळांत मराठी इतकं सहज कानी पडे की पोराला आपण परमुलखात आहोत हे कळायला वेळच लागला असेल. त्यात वाढलेला हा मुलगा व्याकरण आणि न्याय शिकून तयार झाला आणि सिगऱ्याला मिशनच्या आवारात विल्यम स्मिथ नावाच्या पाद्र्याला गप्प करायला निघाला.

'शास्त्रतत्त्वविनिर्णया'तला जो भाग मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो तो देवाच्या न्यायाचा. तो नीट समजायला ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातली एक जुनी चर्चा ठाऊक हवी. पूर्वपक्षी तिथे म्हणतो की ईश्वराने जग केलं असेल तर त्याच्यावर दोन दोष येतात, वैषम्य आणि नैर्घृण्य. कुणाला राजवाड्यात जन्माला घालायचं आणि कुणाला उकिरड्यावर, हा पक्षपात. आणि सगळ्यांनाच एवढं दुःख द्यायचं, हा निर्दयपणा. यावर शंकराचार्यांच्या भाष्यातलं उत्तर असं की ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस साऱ्या शेतावर सारखाच पडतो. भात उगवावं की जव, हे बियाणं ठरवतं. बियाणं म्हणजे जीवाचं पूर्वकर्म. संसार अनादि, म्हणून कर्मही अनादि, म्हणून देवावर ठपका नाही.

आता हे हत्यार हातात असलेला तरुण म्यूरच्या श्लोकांकडे बघतो. त्याच्या आक्षेपांचा गाभा मी माझ्या शब्दांत मांडते. तुमच्याकडे पूर्वजन्म नाही. मग जन्मतः आंधळं असलेलं मूल कशाची शिक्षा भोगतं? पशूंना तुम्ही पाप-पुण्य लावत नाही आणि मेल्यावर त्यांना काही मिळत नाही असं म्हणता. मग बैलाच्या मानेवर आसूड पडतो तो कुणाच्या हिशेबात? आणि सर्वांत मोठं म्हणजे, माणसाचं आयुष्य साठ-सत्तर वर्षांचं. तेवढ्यात करून करून तो किती पाप करील? त्याच्यासाठी न संपणारा नरक! ज्याच्या कानावर तुमच्या तारकाचं नावही कधी पडलं नाही, त्यालाही? हा न्याय नव्हे, कारण शिक्षा अपराधाच्या मापाची नाही. आणि ही दया तर नव्हेच. आमच्याकडे नरकालाही मुदत आहे.

वीस वर्षांच्या माणसाने लिहिलेलं हे वाचताना मी ख्रिस्ती असूनही मनातल्या मनात त्याला दाद देते. नवव्या इयत्तेतल्या हुशार मुलाने शिक्षकाला खिंडीत गाठावं तसं काहीसं ते आहे. अर्थात कर्मसिद्धांताने प्रश्न सुटतो असंही मला वाटत नाही. तो एकेका जन्माने मागे ढकलला जातो, आणि आंधळ्या मुलाला त्याचाच दोष ऐकवायची सोय होते. हे उत्तर पेशवाईनंतरच्या महाराष्ट्रात कुणाला कसं ऐकवलं गेलं, हे महात्मा फुले वाचलेल्या माणसाला सांगायला नको.

मग हा तरुण ख्रिस्ती झालाच कसा? चरित्रांत उत्तर मिळतं ते असं की स्मिथच्या सांगण्यावरून खंडनासाठीच तो बायबल वाचत राहिला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकला. म्हणजे वादात कुणी त्याला हरवलं नाही. शत्रूवर प्रीती करा, असं सांगणाऱ्या माणसाने त्याला धरलं. देवाच्या गुणांची यादी एका बाजूला आणि त्या गुणांनी वागून दाखवणारा माणूस दुसऱ्या बाजूला. शास्त्रीबुवा 'वागणं दाखवा' म्हणणाऱ्यांतले होते आणि त्यांना वागणं दिसलं, असं मला वाटतं. बाप्तिस्मा काशीत न होता जौनपूरला झाला, त्यामागे काशीतल्या गहजबाचं भय असणार हे उघड आहे. पत्नी लक्ष्मीबाई नंतर त्यांच्याकडे आली, ख्रिस्ती झाली आणि मुलीच्या जन्मानंतर लवकरच वारली. ती मुलगी एलन लक्ष्मी. इंग्रज कुटुंबांत वाढली आणि इंग्लंडला गेली. तिने देवाच्या सान्निध्यावर लिहिलेलं इंग्रजी गीत पुढे देशोदेशींच्या प्रार्थनामंदिरांत गाइलं गेलं. बाप मात्र गीतं लिहिणाऱ्यांतला नव्हता.

1854 मध्ये महाराजा दुलीपसिंगांबरोबर गोरे इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डात त्यांची मॅक्स म्यूलरशी गाठ पडली आणि म्यूलरने ती भेट लिहून ठेवली आहे. लंडनमधला डामडौल, घाईगर्दी आणि पैसा पाहून गोरे पार खचले होते. हाच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नव्हे, अशा अर्थाचं ते बोलले. डोंगरावरच्या प्रवचनातून धर्मात आलेल्या माणसाने लंडनमध्ये दुसरं काय म्हणायचं!

परत आल्यावर 1860 मध्ये त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ आला. फिट्झएडवर्ड हॉलने केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर 1862 मध्ये कलकत्त्याला छापलं गेलं. यात शास्त्री आपल्या जुन्या घरावर तुटून पडले आहेत. निर्गुण ब्रह्माला ते विचारतात: जे जाणत नाही, इच्छीत नाही, करीत नाही, त्याला चैतन्य म्हणण्यात तुम्ही काय म्हणालात? त्यांच्या मते सहाही दर्शनं देवाच्या सामर्थ्याला कुंपण घालतात, कारण परमाणू, प्रकृती किंवा जीव अनादि मानले की देव हा फार तर उत्तम कारागीर ठरतो. शून्यातून उत्पन्न करणारा ठरत नाही. युक्तिवाद सफाईदार आहे, सगळी तालीम काशीची. पण ज्या अनादि कर्माने देवाला वैषम्य-नैर्घृण्यातून सोडवलं होतं तेच आता त्यांनी स्वतःच्या हाताने मोडून टाकलं होतं. सर्व काही शून्यातून एकट्या देवाने केलं असेल, तर बैलाच्या मानेवरच्या आसुडाचा हिशेब पुन्हा देवाच्याच खात्यावर येतो. हे त्यांना कळत नव्हतं, असं म्हणायला मी तयार नाही.

अनंत नरकाच्या प्रश्नाने त्यांचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही, हे त्यांच्या जवळच्या लोकांनीच नोंदवलं आहे. आणि तेव्हा हा प्रश्न एकट्या हिंदुस्थानी धर्मांतरिताला छळत होता असंही नाही. एफ. डी. मॉरिस या धर्मपंडिताची लंडनच्या किंग्ज कॉलेजातली प्राध्यापकी 1853 मध्ये याच पायी गेली: 'अनंत' म्हणजे न संपणारा काळ नव्हे, एवढंच तो म्हणाला होता. 1864 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका खटल्यात निकाल दिला की पाद्र्याने अनंत शिक्षेविषयी शंका काढली तरी तो गुन्हा ठरत नाही. त्यावर इंग्लंड-आयर्लंडमधल्या जवळजवळ 11,000 पाद्र्यांनी निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. आफ्रिकेत नाताळ प्रांताचा बिशप कोलेन्सो झुलू लोकांना शिकवायला गेला आणि त्यांच्या साध्या प्रश्नांनी स्वतःच बदलून बसला. 1861 च्या आपल्या भाष्यात त्याने अनंत नरक नाकारला. गोऱ्यांनी 1844 मध्ये काशीत जे विचारलं ते वीस वर्षांनी इंग्लंडच्या कोर्टात गाजत होतं. त्यांचा ग्रंथ तिकडे कुणी वाचला होता असं नव्हे. प्रश्न तिकडेही होताच, एवढंच.

1870 मध्ये बिशप मिलमन यांनी त्यांना पूर्ण पाद्रीपदाची दीक्षा दिली. 1876 मध्ये ते ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या मठात राहायला गेले. याच काउली फादरांनी पुढे पुण्यात पंचहौद मिशनचं काम चालवलं. पंचहौद म्हटलं की मराठी वाचकाला 1890 चा चहा आठवतो, टिळक-रानड्यांनी घेतलेला आणि ग्रामण्याला कारण झालेला. त्या चहाच्या आधीच्या वर्षांत या वर्तुळात खादीच्या झग्यातला, उपासांनी वाळलेला एक कोकणस्थ पाद्री वावरत होता, याची आठवण कुणी काढत नाही. खादीचं मी माझ्या कल्पनेने घातलं. झगा मात्र काउलीचाच.

मुंबई-पुण्यात त्यांची गाठ पडली प्रार्थना समाजाशी, आणि माझ्या लेखी गोऱ्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड वाद तो हाच. समोर मोरभट नव्हते, रानडे-भांडारकरांच्या पिढीचे लोक होते. त्यांचा देव एकच होता, निराकार होता, पवित्र होता, पित्यासारखा होता, आणि पश्चात्ताप केला की क्षमा करणारा होता. त्याच्याकडे अनंत नरक नव्हता. तरुण नीळकंठाला हवा होता तो देव हाच नव्हता का? पण प्रौढ गोऱ्यांनी त्यांना उत्तर दिलं की हे गुण तुम्हाला उपनिषदांत सापडलेले नाहीत. ते ख्रिस्ती लोकांकडून तुमच्याकडे आले आहेत, आणि ज्या ग्रंथाने ते दिले त्याने न्यायही दिला आहे. मला हवं ते घेतो, नको ते ठेवतो, असा व्यवहार चालणार नाही. ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाच्या लोकांपुढे त्यांनी दिलेली व्याख्यानं, लिहिलेली पत्रं यांचा गाभा हा आहे. म्हणजे जी शिकवण रात्री त्यांना झोपू देत नव्हती, तिच्याच बाजूने ते दिवसा उभे राहत होते. याला ढोंग म्हणणारे भेटतील. मला ती पक्क्या नैयायिकाची खोड वाटते: प्रमाण मानलं तर सबंध मानायचं.

याच गोऱ्यांच्या लिखाणाने पंडिता रमाबाईंना ढकललं. आपण ज्या सुधारलेल्या एकेश्वरी मतावर उभ्या आहोत त्याला शास्त्रांत आधार नाही, हे गोऱ्यांच्या पत्रांवरून पटलं, असं रमाबाईंनीच सांगून ठेवलं आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण रमाबाईही शास्त्र्याचीच लेक. दोन वर्षांत त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि शिक्षिका डोरोथिया बील यांना पत्रांवर पत्रं लिहून छळू लागल्या: देव एक असेल तर त्याच्यात तिघं कसे, येशूला देव म्हणायला आधार काय, आणि तुमच्या बिशपने सांगितलं म्हणून मी का मानू? सिस्टरबाईंना त्यात अहंकार दिसला. ही पत्रं 1977 मध्ये महाराष्ट्र राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापली आहेत. गोऱ्यांनी प्रमाण मानलं आणि शंका पोटात ठेवली. रमाबाईंनी शंका टपालात टाकली. दोघांपैकी मला जवळच्या रमाबाई. उतारवयात केडगावला त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला बसल्या, तेव्हाही इतरांच्या हातून आलेलं घ्यायचं नाही ही त्यांची जुनी खुमखुमी कायम होती.

गोऱ्यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' सदाशिव कात्रे यांनी संपादून 1951 मध्ये उज्जैनहून छापला. लेखक ख्रिस्ती पाद्री म्हणून वारल्याला तेव्हा छप्पन्न वर्षं झाली होती. माझ्याकडे त्याची झेरॉक्स आहे, कडांना काळी पडलेली. आमच्या चर्चमध्ये दृढीकरणाच्या वर्गाला मी अधूनमधून शिकवते. पोरं आठवी-नववीतली असतात. देवाचे गुण त्यांना पाठ असावेत अशी अपेक्षा असते. मी यादी देण्याआधी त्यांच्यापुढे गोरेशास्त्र्यांचे तीन प्रश्न ठेवते: आंधळं मूल, बैल आणि नरक. ते विचारणारा कोण होता हे शेवटी सांगते. एकदा फादर म्हणाले, "बाई, आधी उत्तर शिकवा, मग प्रश्न." मी त्यांना म्हटलं, तुम्ही उत्तर सांगा, मी फळ्यावर लिहिते. त्यांनी थोडा विचार केला आणि मग बैलावर बोलायला सुरुवात केली. तास संपला तरी ते बोलतच होते, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीचा हात वर होता.